जुन्या गॅस टर्बाइनचं काय करायचं: ड्राय लो-नॉक्स, पाण्याचा फवारा, की नवीन मशीन?

चवथीच्या सुट्टीत भाचा चिखलीला घरी आला तो तीन कोटेशनं घेऊनच. तो पणजीत एका सल्लागार कंपनीत आहे. नेवऱ्यांचं ताट बाजूला सारून त्याने कागद पसरले. "मामा, तुम्ही सगळी नोकरी टर्बाइनवर काढलीत. पुढच्या महिन्यात क्लायंटला लिहून द्यायचंय. यातलं कुठलं घ्यायचं?"

क्लायंट कोण ते मी विचारलं नाही. मशीन माझ्या ओळखीच्या जातीचं होतं: सुमारे ४० मेगावॉटचं, नव्वदच्या दशकातलं, एका शाफ्टचं औद्योगिक टर्बाइन. फ्रेम ६बी म्हणतात ते. हैदराबादला भेलने परवान्याखाली बनवल्यामुळे देशभर खतकारखाने, रिफायनऱ्या आणि लहान वीजसंयंत्रांत ही मशीनं अजून चालू आहेत. सतरा टप्प्यांचा कॉम्प्रेसर, भोवती गोल बसवलेले दहा कम्बस्टर, तीन टप्प्यांचं टर्बाइन. पाइपातून गॅस मिळतो, गॅस नसला तर द्रवरूप इंधनावरही चालतं.

पहिलं कोटेशन जुने कम्बस्टर, म्हणजे इंधन जाळणाऱ्या नळकांड्या, काढून ड्राय लो-नॉक्स कम्बस्टर बसवायचं. दुसरं आहे त्या कम्बस्टरमध्ये पाणी फवारायचं. तिसरं जुनं मशीन भंगारात देऊन नवीन एअरोडेरिव्हेटिव्ह टर्बाइन आणायचं, म्हणजे विमानाच्या इंजिनापासून बनवलेलं.

मी त्याला एकच विचारलं, "वर्षाला किती तास चालतं आणि किती वेळा स्टार्ट होतं?" त्याच्याकडे तो आकडा नव्हता. तिन्ही कोटेशनांतही नव्हता. माझ्या मते सगळा निर्णय त्या दोन आकड्यांवर फिरतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गोव्यात हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही.

आधी धूर कुठला ते ठरवू

"क्लीन टर्बाइन" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं सगळंच स्वच्छ झालं. टर्बाइनच्या चिमणीतून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं. ही इंधनातून फारशी येत नाहीत, हवेतूनच तयार होतात. ज्वालेचं तापमान साधारण १५०० अंशांच्या वर गेलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात, आणि त्यापुढे दर अंशाला हे प्रमाण झपाट्याने वाढतं. जुन्या पद्धतीच्या कम्बस्टरमध्ये इंधन आणि हवा ज्वालेतच मिसळतात, त्यामुळे ज्वालेच्या पोटात काही जागा दोन हजार अंशांपर्यंत तापतात. नॉक्स तिथे जन्मते. तिचा त्रास स्थानिक असतो: छातीला, दम्याच्या पोरांना, आणि उन्हात तिच्यापासून तयार होणाऱ्या ओझोनमुळे झाडांनाही.

दुसरा कार्बन डायऑक्साइड. तो इंधन किती आणि कुठलं जाळलं यावर ठरतो, कम्बस्टर कुठला यावर नाही. नैसर्गिक वायूच्या दर गिगाज्यूल उष्णतेमागे सुमारे ५६ किलो, नाफ्थ्याच्या (कच्च्या तेलातून निघणारं हलकं द्रव इंधन) सुमारे ७३ किलो. म्हणजे नाफ्था सोडून गॅसवर आलं की त्याच मशीनचा कार्बन जवळजवळ पाव भागाने उतरतो. ड्राय लो-नॉक्स बसवल्याने तो एका किलोनेही उतरत नाही. कोटेशनच्या मुखपृष्ठावर हिरव्या पानाचं चित्र असलं तरी नाही.

सांकवाळच्या झुआरीनगरात ४८ मेगावॉटचं कम्बाइन्ड सायकल संयंत्र (गॅस टर्बाइनच्या धुराच्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही चालवणारं) १९९९ पासून नाफ्थ्यावर चाललं. वीज खात्याशी असलेला त्याचा पंधरा वर्षांचा करार २०१४ मध्ये संपला. नाफ्थ्याचा भाव कच्च्या तेलाला बांधलेला, आणि त्या भावाची वीज कोळशाच्या विजेपुढे टिकणं कठीणच. दरम्यान २०१३ मध्ये दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी गॅसवाहिनी सुरू झाली, तिचा एक फाटा गोकाकहून गोव्यात उतरला, आणि झुआरीनगरचा खतकारखाना नाफ्थ्यावरून गॅसवर आला. गोव्याच्या हवेचा खरा फायदा त्या पाइपाने केला, कुठल्या नोझलने नाही.

बाकी गोवा चालतो तो बाहेरच्या विजेवर. छत्तीसगडचं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, तेलंगणातलं रामागुंडम: कोळसा तिथे जळतो, एसी कळंगुटला चालतो. ती वीज आणणाऱ्या तारांसाठी मोलेच्या जंगलातून वाट काढायची ठरली तेव्हा, २०२० साली, गोव्याची तरुण पोरं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, आजही पटतं. पण मग गावातच जुनं मशीन पुन्हा चालवायची गोष्ट निघाली, तर तेही त्याच प्रामाणिकपणे तपासायला हवं.

कायदा किती मागतो

हे थोडक्यात. गॅस टर्बाइनसाठी केंद्राने घातलेली नॉक्सची मर्यादा १ जून १९९९ या तारखेवर फिरते. त्याआधीच्या संयंत्रांना धुरात १५ टक्के ऑक्सिजन धरून १५० पीपीएम, म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत १५० भाग. नंतरच्या शंभर मेगावॉटखालच्या संयंत्रांना गॅस असो की नाफ्था, १०० पीपीएम. चारशे मेगावॉटच्या वरच्यांना गॅसवर ५०.

आता आपलं मशीन. जुन्या कम्बस्टरवर, काही उपाय न करता, ते गॅसवर दीडशेच्या आसपास नॉक्स सोडतं, डिझेलवर अडीचशेच्या वर. म्हणजे गॅसवर जुनं संयंत्र कायद्याच्या उंबरठ्यावर उभं असतं, आणि द्रवरूप इंधनावर उंबरठ्याच्या बाहेर. कायद्यापुरतंच करायचं असेल तर थोडं पाणीही पुरतं. मला वाटतं, वस्तीजवळ असलेल्या मशीनने कायद्यापुरतं करून थांबू नये. पण त्यापुढचा रुपया कुठे घातला तर हवेत फरक पडेल, हे बघूनच घालावा.

ड्राय लो-नॉक्स: गॅस असेल, लोड असेल, तास असतील तरच

यात इंधन आणि भरपूर हवा ज्वालेच्या आधीच एकत्र मिसळतात. मिश्रण पातळ, म्हणून ज्वाला थंड, म्हणून नॉक्स कमी. पाणी लागत नाही. या जातीच्या मशीनवर गॅसवर २५ पीपीएम आरामात मिळतात, चांगल्या संचात ९ पर्यंत. दीडशेवरून नऊवर. चिमणीच्या मोजणीची ती रेषा पडद्यावर खाली येताना मी पाहिली आहे, आणि खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळलेले पाहिले आहेत.

पण त्याच्या तीन अटी आहेत. कोटेशनमध्ये त्या तळटीपेत असतात, मी त्या वर आणतो.

पहिली अट इंधनाची. हा फायदा गॅसवर आहे. द्रवरूप इंधन पातळ मिश्रणात नीट जळत नाही. त्यावर हाच कम्बस्टर जुन्या पद्धतीने जाळतो आणि नॉक्स ६५च्या आसपास आणायला पुन्हा पाणीच फवारावं लागतं. मी गोव्याबाहेर ज्या एका संयंत्रात काही वर्षं होतो तिथे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या डी-६ गॅसच्या भरवशावर मोठा खर्च करून हे कम्बस्टर बसवले. तो गॅस २००९ मध्ये आला, पाहता पाहता घटला, आणि २०१३ पर्यंत वीजसंयंत्रांचा वाटा शून्यावर गेला. आमचं मशीन नाफ्थ्यावर चालत राहिलं. कमी नॉक्सच्या ज्या मोडसाठी पैसे मोजले होते तो मोड मी महिनोन्‌महिने पाहिला नाही. कम्बस्टरच्या आतले लायनर, म्हणजे अस्तर, मात्र झिजत होते, आणि ते जुन्यांपेक्षा महाग होते.

गोव्याचा पाइप पक्का आहे, पण त्यातून येणारा गॅस बहुतेक आयात केलेला एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूपात जहाजाने आणलेला नैसर्गिक वायू. दाभोळच्या टर्मिनलला लाटारोधक बंधारा अपुरा असल्याने अनेक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नसत, तेव्हा गॅस गुजरातेतल्या दहेजच्या बाजूने वाहिन्यांतून फिरून येई. शिवाय कतारचा एलएनजी आणि अमेरिकेचा एलएनजी यांच्या उष्मांकात फरक असतो. जुना कम्बस्टर तो फरक पचवतो. पातळ मिश्रणावर चालणारा नखरा करतो: दाबाची कंपनं वाढतात, कधी ज्वाला मागे सरकून जिथे नको तिथे पेटते, मशीन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. म्हणून दर ऋतूला ट्यूनिंग लागतं, आणि ते करणारा माणूस गोव्यात बसलेला नसतो.

दुसरी अट लोडची. पेटल्यापासून साधारण निम्म्या लोडपर्यंत हा कम्बस्टर वेगळ्या मोडांतून जातो आणि त्या सगळ्या वेळात नॉक्स जुन्यासारखीच असते. कोटेशनवरचे ९ किंवा २५ हे निम्म्याच्या वरचे आकडे. रात्रभर पंधरा मेगावॉटवर रेंगाळणाऱ्या मशीनला ते लागू नाहीत. कॉम्प्रेसरची गरम हवा पुन्हा तोंडाशी सोडून ही हद्द खाली आणता येते, पण त्याला इंधन जास्त लागतं.

तिसरी अट तासांची, आणि हिच्यासाठीच मी भाच्याला तो प्रश्न विचारला. ४० मेगावॉट, सुमारे ३२ टक्के कार्यक्षमता धरली तर मशीन तासाला साधारण ९ टन गॅस खातं. दीडशे पीपीएमवर त्यातून तासाला अंदाजे १२० किलो नॉक्स निघते. पाणी फवारून ४२ पीपीएमवर आणलं तर ३३ किलो. ड्राय लो-नॉक्सवर २५ पीपीएम धरले तर २० किलो.

वर्षाला ८००० तास चालणाऱ्या मशीनला हे आकडे लावा. काही न करता ९६० टन, पाण्याने २६५, ड्राय लो-नॉक्सने १६०. दोन उपायांत शंभर टनांचा फरक. नऊ पीपीएमचा संच घेतला तर दोनशे. इथे ड्राय लो-नॉक्स घ्यावंच.

आता तेच मशीन वर्षाला ४०० तास चालतं असं धरा. काही न करता ४८ टन, पाण्याने १३, ड्राय लो-नॉक्सने ८. फरक पाच टनांचा, आणि तोही मशीन पूर्ण वेळ निम्म्याच्या वर लोडवर राहिलं तर. पाच टनांसाठी दहा कम्बस्टर, नवीन गॅस व्हॉल्व, नवीन कंट्रोल सिस्टिम. तेवढ्या पैशांत बाजूच्या रस्त्यावरच्या डिझेल ट्रकांचं काहीतरी केलं तर शेजाऱ्यांना जास्त श्वास मिळेल.

पाण्याचा फवारा: स्वस्त, जुना, आणि तहानलेला

ज्वालेत पाणी सोडलं की ती थंड होते. इतकं साधं. गॅसवर ४२ पीपीएम ही याची नेहमीची जागा. आणखी पाणी ओतून खाली जाता येतं, पण मग ज्वाला गुदमरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि कम्बस्टर थरथरतो. फायदा असा की हे गॅस आणि द्रव दोन्हींवर चालतं. टर्बाइनमधून जाणाऱ्या वाफेमुळे वीजही थोडी जास्त मिळते. तोटा असा की ते पाणी तापवायला दोन-तीन टक्के इंधन जास्त जळतं, म्हणजे कार्बन वाढतो. नॉक्स उतरवताना कार्बन चढवणारा हा उपाय आहे, हे कोटेशनमध्ये कोणी ठळक लिहीत नाही.

आणि पाणी कसलं? नळाचं चालत नाही. त्यातले क्षार पात्यांवर बसतात, म्हणून डीएम पाणी लागतं, क्षार पूर्ण काढलेलं. प्रमाण इंधनाच्या वजनाच्या जवळपास: तासाला आठेक टन. पूर्ण दिवस चालवलं तर जवळजवळ दोन लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजा, रोज वीस टँकर. दक्षिण गोव्याची तहान साळावलीवर भागते, आणि एप्रिल-मेमध्ये मुरगाव तालुक्यात नळाला पाणी कमी आलं की घरोघरी काय बोलणं होतं ते मी सांगायला नको. त्या महिन्यात दारावरून टर्बाइनसाठी वीस टँकर गेले तर गावाने गप्प बसावं असं मी कोणाला सांगणार नाही.

पण पुन्हा तास बघा. ४०० तासांना लागतं सुमारे ३२ लाख लिटर, अख्ख्या वर्षात. पावसाळ्यात साठवलेल्या पाण्यावरही हे निभावता येतं. ८००० तासांना लागतं साडेसहा कोटी लिटरच्या घरात. एकच उपाय एकीकडे शहाणपणाचा, दुसरीकडे अन्यायाचा.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण तिने मोजणीत फसवणूक होऊ शकते. दमट हवेत आधीच पाणी असतं, त्यामुळे पावसाळ्यात टर्बाइनची नॉक्स आपोआप काही पीपीएम उतरते. जुलैत घेतलेली चिमणीची चाचणी मे महिन्यापेक्षा नेहमी गोड दिसते. विक्रेत्याची हमी कुठल्या तापमानाला, किती आर्द्रतेला आणि किती लोडला आहे, आणि मोजलेला आकडा त्यानुसार दुरुस्त केलाय का, हे करारात लिहून घ्या.

चिमणीत उत्प्रेरक

हे कोटेशन भाच्याकडे नव्हतं, मीच काढलं. एससीआर म्हणतात ते: धुरात अमोनिया सोडायचा, उत्प्रेरकावरून न्यायचा, नॉक्सचा परत नायट्रोजन होतो. ८० ते ९० टक्के नॉक्स जाते. कम्बस्टरला हात लावावा लागत नाही.

अडचण अशी की नेहमीच्या उत्प्रेरकाला ३०० ते ४०० अंश हवेत आणि आपल्या टर्बाइनचा धूर साडेपाचशेच्या आसपास बाहेर पडतो. मागे उष्णता खेचणारा बॉयलर असेल तर त्याच्या मध्यावर जागा सापडते, तीही जुन्या बॉयलरात नळ्या हलवल्याशिवाय नाही. बॉयलर नसेल तर विषयच जवळजवळ संपला. द्रवरूप इंधनात गंधक असेल तर अमोनियाशी मिळून चिकट क्षार बनतात आणि मागच्या थंड नळ्या तुंबतात.

आणि अमोनिया. २०१८च्या जानेवारीत इथेच चिखलीजवळ अमोनियाचा टँकर रात्री उलटला आणि आजूबाजूच्या घरांतून माणसांना हलवावं लागलं. तो वास या भागातली माणसं विसरलेली नाहीत, मीही नाही. एससीआर घ्यायचंच ठरलं तर युरियाचं द्रावण घेऊन जागेवर अमोनिया तयार करणारा संच मागा. थोडा महाग पडतो, पण टाकीत विष साठवून ठेवावं लागत नाही.

नवीन मशीन: एअरोडेरिव्हेटिव्ह की गॅस इंजिन

तिसऱ्या कोटेशनमधलं मशीन छान आहे. जुन्याच्या ३२ टक्क्यांच्या जागी ४० टक्क्यांची कार्यक्षमता. तितक्याच विजेला पाचव्या हिश्शाने इंधन कमी, तितकाच कार्बनही कमी. दहा मिनिटांत शून्यावरून पूर्ण लोड. रोज चालू-बंद केलं तरी ते रुसत नाही. जुन्या जड मशीनला मात्र प्रत्येक स्टार्ट झिजवतो. गरम भागांच्या तपासणीचा कालावधी निर्मात्याने २४,००० तास किंवा १,२०० स्टार्ट असा दिलाय, आणि पूर्ण लोडवरची एक ट्रिप आठ स्टार्टांएवढी धरली जाते.

पण एअरोडेरिव्हेटिव्हला गॅस खूप वरच्या दाबाने लागतो, पाइपाचा दाब पुरला नाही तर स्वतःचा गॅस कॉम्प्रेसर घ्यावा लागतो. आणि त्याला गरमी सोसत नाही. कुठलंही टर्बाइन १५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर अंशाला साधारण ०.६ ते ०.७ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी ३५ अंशांवर ४० मेगावॉटचं जुनं मशीन ३५ देतं. विमानी जातीची मशीनं यापेक्षाही जास्त गळतात. विक्रेते तोंडाशी बाष्पीभवनाने हवा गार करायचा संच सुचवतात. नागपुरात तो उत्तम चालतो. आपल्याकडची हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे तो दोन-चार अंशांपलीकडे जात नाही. गोव्यात हवा गार करायची तर चिलरच, आणि चिलर वीज खातो.

म्हणून भाच्याला म्हटलं, चौथं कोटेशन माग: गॅस इंजिनांचं. दहा ते अठरा मेगावॉटची दोन-तीन इंजिनं. कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या वर, पाच मिनिटांत लोडवर, ३५ अंशांपर्यंत वीज फारशी उतरत नाही, आणि कमी वीज हवी तर एक इंजिन बंद ठेवायचं, निम्म्या लोडवर रखडायचं नाही.

इंजिनाच्या कागदावर नॉक्स वेगळ्या मापात लिहिलेली असते आणि तिथे भलेभले चुकतात. इंजिनवाले ५ टक्के ऑक्सिजनवर घनमीटरमागे मिलिग्रॅम सांगतात, टर्बाइनवाले १५ टक्क्यांवर पीपीएम. इंजिनाचे ५०० मिलिग्रॅम टर्बाइनच्या मापात आणले तर सुमारे ९० पीपीएम होतात. म्हणजे पाणी फवारलेल्या जुन्या टर्बाइनच्या दुप्पट! निम्म्या नॉक्सचं ट्यूनिंग घेतलं तर ४५. शिवाय इंजिनाच्या सिलिंडरातून थोडा मिथेन न जळताच निसटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो. कार्यक्षमतेत कमावलेलं त्यात काही अंशी जातं. इंजिन घेताना मिथेनच्या गळतीची हमी लेखी मागा. कोणी न मागितल्यामुळे ती बहुधा दिली जात नाही.

पैशाचा एक हिशेब

नॉक्सच्या उपायांनी विजेचा दर फारसा हलत नाही. तो इंधनाने हलतो. समजा गॅस दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं माप, एका गिगाज्यूलहून थोडं जास्त) १२ डॉलरने मिळाला आणि डॉलर ८५ रुपये धरला. ३२ टक्क्यांच्या मशीनवर नुसतं इंधनच युनिटला जवळजवळ ११ रुपये. मागे बॉयलर आणि वाफेचं टर्बाइन लावून ४५ टक्के गाठले तर पावणेआठ. कार्बन पहिल्यात युनिटमागे ६३० ग्रॅम, दुसऱ्यात ४५०. कोळशाच्या जुन्या संयंत्राचा साधारण एक किलो.

त्यामुळे ज्याच्या टर्बाइनमागे बॉयलर नाही आणि ज्याला रोज चालवायचंय, त्याने कम्बस्टरच्या आधी बॉयलरचा विचार करावा. कारखान्याला वाफ लागत असेल तर फारच उत्तम. अशा ठिकाणी इंधनातली तीन चतुर्थांश उष्णता कामी येते, आणि त्याच्या जवळपास कुठलंही नवीन मशीन जात नाही.

आणखी एक, कमी खर्चाचं. आमच्या किनाऱ्यावर कॉम्प्रेसरचा मोठा शत्रू मीठ. पावसाळ्यात फिल्टरवर बसलेलं मीठ दमटपणाने विरघळतं आणि थेंब होऊन आत उतरतं. उन्हाळ्यात चिऱ्याची लाल धूळ, आणि मुरगावच्या बाजूने वारा आला की कोळशाची काळी. कॉम्प्रेसरची पाती खरखरीत झाली की वीज घटते, इंधन वाढतं, मग तुम्ही कितीही स्वच्छ कम्बस्टर बसवा. पाणी न शोषणारे चांगले फिल्टर आणि नियमित कॉम्प्रेसर वॉश यांचं कोटेशन सगळ्यांत आधी घ्यावं. मी ज्या शिफ्टला होतो तिथे वॉशनंतर वाढलेले मेगावॉट आम्ही लॉगबुकात लाल शाईने लिहायचो.

भाच्याचा आकडा

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तीन वर्षांची लॉगबुकं चाळून त्याने सरासरी काढली होती: वर्षाला ४१० तास, १९० स्टार्ट.

म्हणजे मशीन दर वेळी दोन तास आणि काही मिनिटं चालतं. संध्याकाळी साधारण साडेसहा ते पावणेनऊ. असं मशीन तासांनी म्हातारं होत नाही, स्टार्टांनी होतं, आणि त्यातला मोठा भाग निम्म्या लोडखालीच जातो. पहिलं कोटेशन मी बाजूला ठेवायला सांगितलं. तिसरंही, कारण ४१० तासांच्या इंधनबचतीतून नव्या मशीनची किंमत कधीच फिटत नाही. दुसरं, पाण्याचं, तात्पुरतं म्हणून ठेवलं: ते कायद्याच्या आत आणतं, पाणी बेताचं लागतं, गॅस नसला तरी चालतं.

"आणि कायमचं?" त्याने विचारलं.

कायमचं म्हणून बॅटरीची किंमत काढ, म्हटलं. दोन तास, ३५ मेगावॉट, म्हणजे ७० मेगावॉट-तासांची. ती दुपारच्या सौर विजेवर भरायची. जुन्या टर्बाइनचा जनरेटर क्लचने वेगळा करून नुसता फिरवत ठेवता येतो, त्यातून व्होल्टेज सावरतं, इंधन न जाळता. बॅटरीची किंमत बसली तर पाण्याचाही खर्च करू नये. वर्षाला हजार तासांच्या वर जायची खरी शक्यता दिसली तर इंजिनं. आणि कारखान्याने वाफेसाठी रात्रंदिवस चालवायचं ठरवलं, तर त्याच दिवशी ड्राय लो-नॉक्सचं पहिलं कोटेशन परत वर काढावं, तेही ९ पीपीएमचं, २५चं नाही.

फोन ठेवण्याआधी एक गोष्ट अहवालात घालायला सांगितली. स्टार्टअपला चिमणीतून पिवळसर-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, डोळ्यांना दिसणारी नॉक्स. पाण्याचा फवारा ठरावीक लोडच्या वर गेल्यावरच सुरू होतो, त्यामुळे त्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांना पहिली दोन्ही कोटेशनं हात लावत नाहीत. एकशे नव्वद वेळा ती वीस मिनिटं. संयंत्राच्या कुंपणाला लागून फुटबॉलचं मैदान आहे असं तो म्हणाला, आणि पोरं साडेपाच ते सात खेळतात. सातच्या लोडसाठी मशीन साडेसहाला पेटवतात. ते सात वाजून दहा मिनिटांनी पेटवता येतं का, हे वीज घेणाऱ्यांना विचारून त्याने कळवायचं ठरलंय.